बावीस पुतळ्या आणि एक खाण

१८ ऑगस्ट, सोमवार

खाण आज पुन्हा वर. साडेपाचला ऑस्ट्रेलियाचा बाजार उघडतो म्हणून मी पाचपासून गॅलरीत, हातात फोन. ह्यांना वाटतं, बायको निवृत्त झाल्यापासून प्राणायाम करते. श्वास रोखलेला असतो एवढं खरं.

कंपनी ऑस्ट्रेलियाची, सोनं आफ्रिकेतल्या एका देशाच्या जमिनीत, आणि त्यातले थोडे शेअर कोल्हापुरातल्या एकोणसाठ वर्षांच्या बाईचे. कुणाला सांगितलं तर हसून लोळेल. म्हणून सांगितलेलंच नाही.

सोन्याचा भाव रोज नवा. सोनं एक पाऊल चढलं की खाण (पुढं नुसतं खा. लिहीन) दोन चढते. असंच राहिलं तर दिवाळीपर्यंत माळ पुन्हा करून घेऊन वर चार पैसे उरतील. दिवाळीपर्यंत फक्त.

२३ ऑगस्ट, शनिवार

गडहिंग्लजला मुलगी बघून आलो. प्रणाली. पुण्यात औषधांच्या कंपनीत आहे, हसताना तोंडावर हात घेत नाही. मला आवडली. आमचा मुलगा अभि दोन वर्षं नुसतं ‘बघू’ म्हणत होता, आज चहाचा कप खाली ठेवायच्या आत हो म्हणाला. साखरपुडा दसऱ्याला, त्यांच्याकडं.

येताना गाडीत सासूबाई एकदम खुशीत. ह्यांच्या खांद्यावर मागून थाप मारली, मग मला म्हणाल्या, “माळ काढून ठीव लॉकरातनं. एक पुतळी वाढवायची हाय.”

मी व्हय म्हटलं.

२४ ऑगस्ट, रविवार

लिहूनच टाकते. नाहीतर तोंडातून कुठंतरी निघेल.

माळ लॉकरात नाही. फेब्रुवारीत काढली आणि इचलकरंजीला जाऊन मोडली. इथं गुजरीत, ओळखीच्या सराफांत मोडली असती तर दिवे लागायच्या आत घरी फोन आला असता. बावीस पुतळ्या. ह्या घरात नवी सून ठरली की सासू एक पुतळी वाढवते आणि साखरपुड्यात माळ तिच्या गळ्यात घालते. बाविसावी माझ्या वेळची, सासूबाईंनी, आमच्या आत्तींनी घातलेली. सगळ्यात जुन्या चार-पाच पुतळ्यांवरचं चित्र झिजून पार सपाट झालेलं. सराफ म्हणाला, असलं चोख आता बघायला मिळत नाही. मला अभिमान वाटला! विकायला गेलेल्या बाईला.

का केलं? एकतीस वर्षं बँकेत सोनेतारणाच्या काउंटरला बसले. लोकांचं सोनं घासून, तोलून तिजोरीत ठेवायचं, सोडवलं की परत द्यायचं. एवढं सोनं, सगळं झोपलेलं. निवृत्त झाले आणि माझंही तेच झालं. हे पेपर वाचतात, आत्ती बस्तीत देवदर्शनाला जातात, मी डबे पुसते. मग फोनवर व्हिडिओत एकजण सोन्याच्या खाणींबद्दल समजावून सांगताना सापडला. रोज ऐकलं. वही केली. बँकेत फॉर्म दोनदा चुकले, तिसऱ्यांदा पैसे परदेशी गेले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, मॅडम, मुलाच्या शिक्षणासाठी का? म्हटलं, माझ्यासाठी. लई बरं वाटलं होतं त्या दिवशी.

२८ ऑगस्ट

पर्युषण सुरू. एक वेळ जेवण. आत्ती ह्या वयात करतात म्हटल्यावर मला पळवाट नाही. खा. थोडी वर. प्रवचनात लक्ष नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी बस्तीत प्रवचन. पर्युषणात रोज एक धर्म, आजचा दिवस सत्याचा. मी खांबाच्या मागं बसले.

घरी येऊन फोन उघडला तर तो देश बातम्यांत. सैनिकांनी राष्ट्राध्यक्षाला कोंडलंय. टीव्हीवर गॉगल लावलेला कुणी अधिकारी कागद वाचतोय, मागं आठ-दहाजण बंदुका घेऊन उभे. भाषा कळत नाही. खाणीचं नाव मात्र कळलं, दोनदा घेतलं त्यानं.

खा. तिसरा हिस्सा खाली. ह्यांनी विचारलं, तोंड का उतरलंय? उपास सोसत नाही म्हटलं. सत्याच्या दिवशी.

३ सप्टेंबर

कंपनीचं निवेदन. खाणीचं काम सुरळीत चालू आहे म्हणे. ‘सुरळीत’ हा शब्द आम्ही बँकेत कधी वापरायचो ते मला माहीत आहे.

विकावं का? विकले तर आता निम्मेच हातात. नाही विकले तर... सोन्याचा भाव मात्र चढतोच आहे. जगात गडबड झाली की सोनं चढतं, हे वहीत मीच लाल शाईनं लिहिलंय. गडबड नेमकी खाणीच्या दारात झाली तर काय होतं, ते लिहिलेलं नाही.

संध्याकाळी कंपनीचा अहवाल पुन्हा काढला. टनामागं किती ग्रॅम सोनं, किती खोल, किती वर्षं पुरेल, सगळ्यावर माझ्या खुणा. कस बघायची सवय, कसच बघितला. पुढं ‘जोखमी’ म्हणून नऊ पानं. राजकीय परिस्थिती, परवाने, सरकारचा हिस्सा. त्यावर एक खूण नाही. गिऱ्हाइकाला आम्ही म्हणायचो, इथं सही, इथं सही आणि इथं. वाचायला कोण बसतं? घी देखा, बडगा नहीं देखा.

८ सप्टेंबर, सोमवार

क्षमावली. दिवसभर माणसं येत-जात होती. वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा करा, ते आम्हाला, आम्ही त्यांना. खालच्या मजल्यावरच्या जोडप्याशी पार्किंगवरून भांडण होतं, तेही हात जोडून गेले.

आत्तींच्या पाया पडले. काही चुकलं असेल तर क्षमा करा, असं म्हणताना आवाज फाटला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि जरा वेळ काढलाच नाही. “काय चुकलंय?” म्हणाल्या. असं कुणी विचारत नसतं. मी हसले. गॅसवर दूध ठेवलंय म्हणून आत पळाले. दूध नव्हतं.

१२ सप्टेंबर

खलास. नव्या सरकारनं परवाना रद्द केला. खाण ताब्यात. कंपनीच्या गोऱ्या मॅनेजरला विमानात बसवून परत पाठवलं. शेअरची खरेदी-विक्री बंद, पुढची सूचना येईपर्यंत. म्हणजे आता विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही. फोनवर आकडा गोठलाय, राखाडी रंगात.

१३ सप्टेंबर

दिवसभर चिडचिड. ह्यांच्यावर भाजीत मीठ जास्त म्हणाले म्हणून ओरडले. त्या गॉगलवाल्यावर जास्त राग. दरोडेखोर! लोकांनी पै पै घालायची आणि असल्यांनी बंदूक दाखवून ‘आमचं सोनं’ म्हणायचं. आमच्या बँकेत असं कुणी केलं असतं तर आत टाकला असता.

हातचं सोडून पळत्याच्या मागं लागले. माझ्याच आईचं वाक्य. लहानपणी उठता-बसता ऐकलंय.

मोडली ती माळ आज घ्यायची तर दीडपट लागतील. अभिच्या लग्नाच्या ठेवीला हात लावला तर ह्यांना कळणार. माझ्या म्हणून दोन पाटल्या आहेत, आईनं दिलेल्या. त्या घालता येतील मुलीच्या हातात. पण लगेच सगळे विचारतील, माळ कुठाय?

१७ सप्टेंबर

आत्ती रोज एकदा. “आणलीस का गं? पटवेकऱ्याकडनं गाठवून घ्या लागंल, दोरा जुना झालाय.” आज म्हटलं, त्याच्याकडंच दिलीय. खोटं बोलायला सुरुवातीला जीभ अडखळते, नंतर नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हुपरीला जाऊन आले, एस.टी.नं. ह्यांना सांगितलं, मैत्रीण आजारी आहे.

चांदीचे कारागीर पारिसाअण्णा, नुसतं नाव ऐकून त्यांच्याकडं गेले. घरातच पैंजणांचा कारखाना, पुढच्या खोलीत सूनबाई घुंगरू जोडत बसलेली. त्यांना माझ्या लग्नातला फोटो दाखवला. म्हटलं, अशी माळ चांदीत करायची, वर सोन्याचं पाणी. तेवीस पुतळ्या. अण्णांनी फोटो बघितला, मग चष्म्यावरून मला बघितलं.

“म्याडम, तुमी मला एकदा काउंटरवरनं परत लावल्यालं. बांगडीत तांबं जास्त हाय म्हणून.”

मला आठवत नव्हतं. असली माणसं मी किती परत लावली असतील. त्या वेळी आवाज चढवूनच बोलायचे, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“करून दितो की,” म्हणाले. “पाणी चांगलं चढवतो, घाम लागला न्हाय तर वरीसभर काय हुत न्हाय. पर वजनाचं काय करू? चांदी ती चांदीच.” कुणाच्या गळ्यात घालणार ते त्यांनी विचारलं नाही. चहा दिला. पैसे आगाऊ घ्यायला तयार नव्हते, मीच टेबलावर ठेवून आले.

बसमध्ये खिडकीशी बसून रडले. एकतीस वर्षं खोटं सोनं पकडलं आणि आता स्वतः करायला टाकून आले.

२५ सप्टेंबर

कंपनी म्हणते, वाटाघाटी चालू. सरकार म्हणतं, कसल्या वाटाघाटी? आंतरराष्ट्रीय लवादाकडं जाणार म्हणे. त्याला वर्षं लागतात, वाचलं. शोधून शोधून डोळे दुखले.

प्रणालीचा फोन. तिला माळेचा फोटो हवा होता. पाठवते म्हटलं.

२७ सप्टेंबर

माळ आली. अण्णा स्वतः घेऊन आले स्टँडवर. काम देखणं, खोटं बोलणार नाही. घरी दार लावून गळ्यात घातली. आरशात काही फरक कळत नाही. मानेला कळतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

हे दुपारी ठेवीच्या कामाला बाहेर. आत्तींनी माळ मागितली. आता कारण उरलं नव्हतं. डोळ्यांना त्यांना धूसर दिसतं, त्यावर माझी सगळी भिस्त.

मांडीवर घेतली. आधी तळहातावर नुसती तोलली. मग एकेक पुतळी बोटानं चाचपत गेल्या, जपाचे मणी ओढतात तशा. तेविसापर्यंत. मी समोर उभी.

“झिजल्याली एकबी न्हाय,” म्हणाल्या. मग माळ माझ्याकडं धरली. “ही माझी न्हाय.”

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. इचलकरंजी, शेअर, खाण, सैनिक, पारिसाअण्णा. कुठं थांबायचं ते कळेना. त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी शांतपणे विचारलं, ती तिकडची माणसं काय म्हणतात? सोनं आमच्या जमिनीतलं, म्हणून आमचं, असंच म्हणतात ना? मी व्हय म्हटलं.

“मग आणि माळ कुणाची हुती?”

काउंटरवर हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायचे. दागिना तुमच्याच मालकीचा ना? करा सही. माझी म्हणावी तर ती कधीच माझी नव्हती. आत्तींकडून माझ्याकडं आली ती पुढं द्यायला. मधल्या काळात फक्त किल्ली माझ्याकडं होती.

उठताना त्यांनी माझा खांदा धरला. “परवा मी गप बसंन. दिसत न्हाय म्हातारीला, आसं म्हणत्याल लोक. पर घालणार तू हाईस. ती पोरगी वाकंल तुझ्यापुढं.”

ह्यांना सांगू का, विचारलं. त्या भिंत चाचपत आत गेल्या.

१ ऑक्टोबर

ह्यांना सांगणार होते. तीनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले. ते साखरपुड्याची यादी लिहीत बसले होते, नारळ, साखर, साडी. यादीत पहिल्या ओळीला, अधोरेखित, ‘आईची माळ’. परत आले.

खा. तशीच. आता बघण्यात अर्थ नाही, तरी बघते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी सात. अकराला मुहूर्त, आठला निघायचं. हे खाली गाडी पुसतायत. आत्ती नेसून तयार, सोफ्यावर बसल्यात, माझ्याकडं बघत नाहीत. पर्समध्ये दोन डब्या. एकीत पाटल्या, दुसरीत ती.

रात्री ठरवलं होतं, पाटल्याच घालायच्या. आईच्या आहेत, माझ्या स्वतःच्या, कुणाला विचारायला नको. माळेचं विचारलं तर चारचौघांत खरं सांगायचं. अभि काय म्हणेल, व्याही काय म्हणतील, व्हायचं ते होवो. सकाळी उठले आणि ते धाडस उरलं नाही. मग वाटलं, चारचौघांत नको, आधी तिला एकटीला सांगावं. ज्या गळ्यात पडणार आहे तिला तरी कळू दे.

आत्ताच फोन केला प्रणालीला. म्हटलं, आल्या आल्या पाच मिनिटं आत भेटशील का, एकटी? काम आहे, माळेचं. ती म्हणाली, भेटते की आई. आणि मग हसत, तिच्या त्या मोकळ्या आवाजात म्हणाली, माळ नीट दिसावी म्हणून ब्लाउजचा गळा मोठा शिवून घेतलाय, दुसरं काहीच घालणार नाहीये गळ्यात.

हे हॉर्न वाजवतायत.