शेवंतीचं जीवशास्त्र

मोठागाव, डोंबिवली
२३ जून १९९३

चि. शेवंती हिस आजीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे मी आणि मांजर. बोलते मी, लिहिते शेजारची मंदाकिनी. अक्षर चांगलं दिसलं तर तिचं, शहाणपण दिसलं तर माझं. बाजारात माझी मासळीची पाटी अजून दुपारच्या आत रिकामी होते. तू मात्र पुण्याच्या कारखान्यात टीव्ही जोडता जोडता जेवायचं विसरतेस. शिमग्याला आलीस तेव्हा गाल बघितले मी.

मंदी दहावी पास झाली. सत्त्याहत्तर टक्के. सकाळी अकरावीचा फॉर्म घेऊन आली आणि गणित नि जीवशास्त्र, दोन्हीपुढच्या खुणा मला तीनदा वाचून दाखवल्या. मी म्हटलं, "अगं, मला कशाला दाखवतेस? मला सगळंच सारखं काळं." तर म्हणते, "शेवंतीताईनं सांगितलंय. दोन्ही ठेव, म्हणजे डॉक्टर काय, इंजिनीयर काय, दोन्ही वाटा मोकळ्या. आणि खुणा तीनदा तपास. माझ्या वेंधळेपणानं माझं जीवशास्त्र गेलं."

पोरी, तू वेंधळी नव्हतीस.

तुझ्या अकरावीचा फॉर्म भरायच्या दिवशी ठाण्याच्या कॉलेजात तू मार्कलिस्टची झेरॉक्स काढायला गेलीस आणि मला फॉर्म देऊन खिडकीपाशी उभं केलंस. कारकून म्हणाला, "काय आजी, नात डॉक्टर होणार वाटतं!"

"किती वर्षं लागतात?"

"बारावीनंतर सहा तरी. होस्टेलात राहावं लागेल."

"आणि तसं नको असेल तर?"

"जीवशास्त्र सोडून इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं. मग इथेच कुठेतरी नोकरी."

"मग तेच करा."

भला माणूस. म्हणाला, "मुलीला विचारलंत का?" मी म्हटलं, "तिची आई मी, बाप मी. आणखी कुणाला विचारू?"

त्यानं खोडलं.

यादी लागली तेव्हा विषय बदलायची मुदत उलटून गेली होती. तू घरी येऊन भिंतीला टेकून बसलीस. "आजी, मीच चुकीच्या जागी खूण केली गं." मी म्हटलं, "होतं असं." आणि तुला बोंबील तळून वाढले. तू खाल्लेस. वर म्हणालीस, छान झालेत.

तुझे आईबाप गेल्यापासून घरात दोनच ताटं मांडायची सवय. एकच मांडायची वेळ येईल, या भीतीनं केलं. कारण म्हणून फार लहान आहे, कळतं मला. आणि करून तरी काय झालं? तू गेलीसच.

मंदी लिहायची थांबली आहे. "आजी, हे ताईला खरंच कळवायचं?" म्हणते. हो गं बाई, लिही. एक शब्द गाळू नकोस.

शेवंती, तू रागाव. दिवाळीला येऊ नकोस, वाटलं तर कधीच येऊ नकोस. पण यापुढे कुठल्या पोरीला तुझा वेंधळेपणा सांगू नकोस. माझं नाव सांग.

तुझ्या आड आलेली,
आजी दगडाबाई