आडवा मोती

३ मार्च

पुसलं! मोत्यावरचं माझं पेन्सिलीचं टिंब पुन्हा पुसलं सासरेबुवांनी. ओल्या फडक्याने, माझ्यादेखत. "भोक वरून पडेल, टोकाशी. तुझं चित्र राहू दे भिंतीवर."

मोती आमच्या गिऱ्हाईक डॉक्टरीणबाईंच्या आईचा. अंगठ्याएवढा, वेडावाकडा, एका अंगाला पोक आलेला, मागे खळगे. कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी आडवा धरून दाखवला तेव्हा बाई हरखल्या — कुशीवर झोपलेलं बाळच! असाच आडवा पेंडंटमध्ये बसवायचा, हे त्यांचं-माझं ठरलंय. आणि सासरे म्हणतात, वरून भोक, त्यावर सोन्याची टोपी, झाला लोलक! लोलक काय, कोणत्याही दुकानात मिळतात.

४ मार्च

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "बाबांचं काम आहे ते. तू कशाला मध्ये पडतेस?" मध्ये? गिऱ्हाईक माझं, चित्र माझं, आणि मी मध्ये! दिवसभर कानस घासत बसला, मान वर केली नाही. तिडीक गेली डोक्यात. जेवलेच नाही.

६ मार्च

आज तर कहर. गिऱ्हाइकासमोर सासरे म्हणाले, "सूनबाई चित्रं छान काढते. मोत्याचं आम्ही बघतो." आम्ही म्हणजे कोण? इतकी वर्षं याच बाकावर बसून मोती निवडतेय, ओवतेय. ड्रिलला हात लावला की "तुझा हात बसला नाही अजून." बसणार कसा? लावू दिला तर ना! आणि यांची स्वतःची चूक कधीच नसते — मोतीच कच्चा, दोराच कुजका, नाहीतर वीजच नेमकी गेलेली.

शेवटी बोलले, "बाबा, मी वेगळं दुकान थाटते." सासूबाईंनी कप बशीत आदळला. सासरे हसले. म्हणे, "थाट की."

७ मार्च

थाट की!

८ मार्च

सासरे बँकेत गेले. मी ड्रिल लावलं. पाण्याचा थेंब-थेंब, हलका दाब, माझ्याच टिंबावर. हात जरासुद्धा हलला नाही. सरळ, स्वच्छ भोक. मनात म्हटलं, आता बघा!

तार ओवून लटकवला — आणि तो फिरला. आपोआप. पोकाचं वजन खाली गेलं, खळगे पुढे आले. सरळ केला, पुन्हा फिरला. चिकटवला तरी आज ना उद्या सुटून फिरणारच.

वजन बघायचं असतं, म्हणून भोक वरून, हे मला कधी सांगितलं का कुणी? शिकवायचं नाही, आणि वर हात बसला नाही म्हणायचं! आता मोती बाईंच्या आईचा, आणि पडलेलं भोक काही बुजत नाही. सासरे आले, बघितलं, चष्मा पुसत बसले. शिव्या तरी द्यायच्या!

१० मार्च

डॉक्टरीणबाई आल्या. मोती हातात घेतला, दोनदा फिरवला. चेहरा उतरला. "कुणी केलं हे?"

मी तोंड उघडलं, तोच सासरे म्हणाले, "मी. हात चुकला माझा."

आणि मी गप्प बसले.