एकाशनाचं श्रीफळ

प्रिय भाग्यश्री,

जय जिनेंद्र. तुझ्या अभिनंदनच्या साखरपुड्याला त्याची सख्खी मावशी आली नाही म्हणून तू रुसलीस. रुसवा खरा आहे. मी तेव्हा दवाखान्यात होते. तुझ्या घरचं कार्य नीट पार पडावं म्हणून कुणाला कळवू दिलं नाही.

माझं पोट दुखायचं ते तुला माहीत आहे. आमच्या गल्लीतले डॉक्टर दर खेपेला टेबलापलीकडूनच सांगायचे, मावशी, आधी वजन उतरवा. रक्तदाबाचा पट्टा दंडाला पुरेना, तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, "ह्यास्नी दोन जोडून लावाय पायजेत की." बाहेरचे पेशंट हसले. मीही हसले, काय करणार. रक्तदाब बघायचा राहिलाच.

आपलं शरीर, आपलाच दोष, असं समजून मी एकाशनं धरली. दिवसातून एकदाच जेवायचं. घास नकोसाच झाला होता, त्यामुळे व्रत सोपं गेलं; मला देवाची कृपा वाटली. घरात तेल उरायला लागलं, तेही बरंच वाटलं. ब्लाऊज सैल झाले तशी आतून शिवण मारली, कापड कापलं नाही. पर्युषण पर्वाच्या शेवटी बस्तीत दर्शनाला जमलेल्या बायकांनी 'धन्य धन्य' म्हणत माझ्या व्रताची अनुमोदना केली, श्रीफळ दिलं. तूही फोनवर म्हणालीस, अक्का, नशीबवान आहेस. डॉक्टरही खूश. दुखणं तसंच आहे म्हटलं, तर म्हणाले, अजून थोडं उतरू दे.

शेवटी चक्कर येऊन पडले, तेव्हा ह्यांनी दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी झोपवून पोटावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी हात लावला गं, मला रडूच आलं. गाठ निघाली. काढली, पण पसरली आहे. आधी आला असता तर, एवढंच बोलून बाई थांबल्या. मी येतच होते की.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. साखरपुड्याचे फोटो बघितले. तू माझ्यासारखीच, आईच्या अंगाची. फोटोत तुझा ब्लाऊज खांद्यावरून उतरलाय. अभिनंदन सांगतो, मम्मीला जेवण जात नाही, पण बारीक झाली म्हणून खूश आहे. पाठ दुखते तरी दवाखान्यात जात नाही, वजनावरून बोलणी खायला नकोत म्हणते. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी कबनूरला तुझ्याकडे येते. दमेन, पण येणार. तुला त्याच बाईंकडे नेणार. त्यांनी हात लावून तपासल्याशिवाय आपण दोघींनी उठायचं नाही. तुझ्या ह्या बारीक होण्याची अनुमोदना माझ्याच्यानं होणार नाही.

तुझीच,
अक्का