शेतातला पाण्याचा कॅन

नांदेड, मंगळवार

आईस करुणाचा जयभीम,

बाळाचं थायरॉईड कमी आहे, असं आज सकाळी रिपोर्ट पाहून डॉक्टरबाईंनी सांगितलं. गोळी लगेच सुरू केली. आठव्या दिवशीच सापडलं, हे बरं झालं म्हणाल्या. ती दूध पिते, झोपते. मीही जेवते. रडू काही येत नाही.

शेतात तुम्ही पाणी कशातून पीत होता, असं त्यांनी विचारलं. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन धुऊन, मी म्हटलं. "त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण काही औषधं थायरॉईड बिघडवतात. आणि सुरुवातीला पोटातल्या लेकराचा मेंदू आईच्याच थायरॉईडवर वाढतो."

तू म्हणशील, "चांगला कॅन काहून फेकू?" विळ्यानं भोकं पाड आणि फेक. तुला बोल लावत नाही, धुतला तर मीच होता.

शेळी व्याली का?

पुनम वहिनी, आईला हे तूच वाचून दाखवत असशील. तुला दुसरा महिना आहे. उद्याच रवीला घेऊन सेनगावला जा, थायरॉईड तपासून घे.

पंधरा दिवसांनी बाळाचं रक्त पुन्हा घेणार आहेत. डोक्यावर काही परिणाम झाला का, ते ती बसायला, बोलायला लागेल तेव्हाच कळेल म्हणतात.

तुझी,
करुणा