मी हं म्हटलं की

प्रिय ठमाकाकू,

लहानपणी कमरेवर हात ठेवून मलाच शिकवायचीस, म्हणून हे नाव पडलं. नोकरीला लागलीस तरी ते सुटणार नाही. नोकरी लांबली ती त्या एका विषयापायी. प्रयोगशाळेच्या विषयाला जागा मिळाली नाही, पदवी पुढच्या सत्रावर गेली, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून मी विद्यापीठाच्या त्या वेबसाइटच्या हात धुऊन मागे लागलो होतो.

नोंदणी सुरू झाली आणि साइट झोपली, असं तू म्हणालीस. मला नवल वाटलं नाही. मी स्वतः दुकानात बसून तुझ्या नावाने आत शिरायला गेलो, तर आधी नुसतं चक्र फिरत राहिलं, मग मी माणूस आहे हे सिद्ध करायला सांगितलं. चित्रांतले सिग्नल ओळखा म्हणे. मी ओळखले, ते त्याला पटेनात. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली, आणि मला सिग्नल दिसत नाहीत असं एक यंत्र सांगतं. शेवटी आत घेतलं ते ‘आपली वेळ संपली आहे’ हे कळवायला. माझ्या वयाच्या माणसाला असं तोंडावर सांगू नये. तुझ्या आईने हातातून मोबाइल काढून घेतला.

मावशीने मात्र भलताच अर्थ काढला. पोरगी नापास झाली असेल आणि साइटचं नाव पुढे करत असेल, असं तिचं म्हणणं. मी तिच्याशी बोलणं टाकलं आणि विद्यापीठाला तक्रारींवर तक्रारी पाठवल्या. तू सुट्टीतही घरी आली नाहीस. मी साइटवर भडकलो की तू फोनवर गप्प होतेस, हे तुझ्या आईच्या लक्षात आलं होतं, माझ्या नाही.

काल वसतिगृहातल्या तुझ्या शेजारच्या खोलीतली ती कुरळ्या केसांची मैत्रीण दुकानात आली. घड्याळाचा पट्टा बदलायचा म्हणाली, पण पट्टा तर चांगला होता. स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. साइट झोपली होती हे खरं, पण त्याआधीच तुला जागा मिळाली होती. मिळाली नव्हती ती तिला. हे सत्र हुकलं असतं तर तिची शिष्यवृत्ती बंद, म्हणजे शिक्षणच बंद. तू आपली जागा सोडायला निघालीस. बरं, सोडलेली जागा तिलाच जाईल असंही नाही. जो आधी बटण दाबेल त्याची. म्हणून साइट शुद्धीवर आल्यावर तू तिला शेजारी बसवलंस, बोट बटणावर ठेवायला लावलंस आणि सांगितलंस, मी हं म्हटलं की दाब.

इथे मी भिंग काढून ठेवलं. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची ताणलेली स्प्रिंग उतरवताना मी किल्ली पेलून धरायचो आणि तू आपल्या एवढ्याशा बोटाने तिला अडवणारी खिट्टी सोडायचीस. क्षणभर आधी सुटली असती तर माझा हात फुटला असता, म्हणून मी हं म्हणेपर्यंत तू श्वाससुद्धा घ्यायची नाहीस. पोरगी खरं बोलते आहे का, हे मग मला विचारावंच लागलं नाही. मला तुझा फार अभिमान वाटला, ठमे. आईला सांगितलं तर ती आधी पदराने डोळे पुसत बसली, मग मावशीला फोन करायला उठली. मी अडवलं. तू कुठे मिरवलं नाहीस, तर आपण कशाला मिरवायचं?

उद्या मी विद्यापीठात जाऊन त्यांची चांगली हजेरी घेणार होतो. ते आता रद्द. मी त्या मुलीला बोल लावीन म्हणून तू मला थाप मारलीस, हे कळतं मला. लावलाही असता, थोडासा. आता तुला काही विचारणार नाही आणि तूही काही सांगू नकोस, फक्त घरी ये. एक जुनं मोठं घड्याळ दुरुस्तीला आलं आहे आणि माझा हात हल्ली कापतो. या वेळी किल्ली तू पेलून धर, खिट्टी मी सोडतो. तू हं म्हणालीस की.

तुझ्या ‘हं’ची वाट पाहणारा,
तुझाच,
बाबा