दोन निळी झाकणे

४ जानेवारी २०२६, रविवार. सकाळ.

आजपासून निवासवाहनाची, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराची, तयारी. संकल्प एकच असून तो पूर्ण होणार आहे. कुसुमच्या वर्षश्राद्धाला, १६ तारखेला, वाहन नर्मदेवर न्यायचे. तत्पूर्वी बोरगावला थांबून चंद्रकलाबाईंना चहा पाजायचा.

चंद्रकलाबाई या कुसुमच्या धाकट्या भगिनी. तेराव्याच्या पंगतीत, सर्वांसमक्ष, हातात वरणाची बादली घेऊन त्या मला म्हणाल्या होत्या, "भाऊजी, तुमी माह्या बहिणीले कधी घटकाभर बसू देल्लं का?" तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेलो नाही. उत्तर मात्र माझ्याजवळ आहे. ते पाण्याच्या टाकीत आहे.

गेल्या जानेवारीत शेवटच्या सहलीवरून परतताना आम्ही बोरगावला तिच्या माहेरी, जेथे आता चंद्रकलाबाई राहतात, थांबलो होतो. तेथील विहिरीचे पाणी कुसुमने स्वतः टाकीत भरले. घरी आल्यावर दोन दिवसांत ती गेली. उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला आणि विहीर बुजली. त्या विहिरीचे पाणी आता केवळ माझ्याकडे आहे, आणि मी तिला तेथे निवांत बसू दिले याचा तोच पुरावा. त्याचाच चहा करायचा. चंद्रकलाबाई अर्धा कप पितील, तेव्हा मी सांगेन. त्या रडतील. क्षमा मागितल्यास द्यावी की न द्यावी, हे त्या वेळी ठरवू.

५ जानेवारी, सोमवार.

तृप्तीचा नागपूरहून फोन. कन्या असली तरी स्वर अधिकाऱ्याचा. "बाबा, ते पाणी वर्षाचं झालं, आता तरी सोडा. आणि ती गाडीही विका." मी म्हणालो, पाणी नासत नाही, माणसे नासतात. आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले आहे. दर महिन्यास क्लोरीन टाकतो. दिवाळीत तिने परस्पर टाकीच्या तोटीला हात घातला होता. मी ओरडलो. ती भाऊबीजेस न थांबता निघून गेली. पाणी का ठेवले आहे हे मी तिला सांगितले नाही. विचारले असते तर सांगितले असते. फोन तिनेच ठेवला.

६ जानेवारी, मंगळवार.

वाहन रंगविले. शेजारी गजेंद्र (संत्र्याचा दलाल, आवाज मंडईचा) अंगणातून म्हणाला, "सर, डब्ब्याले नवरी बनवून राहिले का?" मी सांगितले, हा डबा नव्हे, निवासवाहन आहे. तो म्हणाला, "नर्मदा वरते आहे सर, बोरगाव खालते. तुमी कोठीसा जाऊन राहिले?" दिशा विरुद्ध आहे हे मला ठाऊक आहे. पांढुर्णा जिल्हा झाला, परंतु दुसऱ्याच्या प्रवासात नाक न खुपसण्याइतकी सुधारणा येथे अद्याप पोहोचलेली नाही.

वाहनाच्या बाजूस दोन तोंडे आहेत. एक पाण्याचे, दुसरे इंजिनासाठी लागणाऱ्या द्रवाचे. दुसऱ्याचे झाकण कारखान्यातूनच निळे आलेले. पाण्याचे पांढरे होते, तेही निळे केले. पाणी निळेच शोभते. त्या झाकणाला कुसुमने जुन्या लुगड्याचा तांबडा काठ बांधून ठेवला होता, ओळखू यावे म्हणून. रंगाने तो खराब होऊ नये यासाठी सोडला आणि तिच्या कपाटात ठेवला. आठवणीची वस्तू उन्हापावसात असू नये.

८ जानेवारी, गुरुवार.

वाहन सुरू केले. समोर पिवळा दिवा. इंजिनाच्या द्रवाची टाकी रिकामी होत आली आहे. या द्रवावाचून आजकालची डिझेल वाहने एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाहीत. पुस्तिकेनुसार तो युरियाचे पाण्यातील द्रावण होय. ट्रकवाले पंपावर त्यास सरळ युरियाच म्हणतात. म्हणजे जे मी बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या मुलांकडून करवून घेत असे, ते हे लोक डब्यात भरून विकतात. मी विकत घेणार नाही. मी तयार करीन.

१० जानेवारी, शनिवार.

कृषी केंद्रात गेलो. त्यांनी विचारले, "शेती किती?" म्हटले, शेती नाही, वाहन आहे. काउंटरवरचे तिघे हसले. यंत्रावर नोंदलेला अंगठा नाही, जमिनीचा खसरा नाही, म्हणून युरिया नाही. अखेर गजेंद्रकडूनच अर्धे पोते घ्यावे लागले. देताना तो म्हणाला, "थो गाडीचा युरिया अलग येते सर. ह्यात कडुलिंब राहते. इंजिन बसून जाईन." मी त्यास रेणुसूत्र लिहून दाखविले. त्याने कागद घेतला आणि त्यात सुपारी बांधली.

११ जानेवारी, रविवार.

द्रावण सिद्ध. कुसुमच्या चक्क्याच्या फडक्यातून गाळले. किंचित पिवळसर, किंचित कडू वास. ही निसर्गाची देणगी समजावी.

१३ जानेवारी, मंगळवार. पहाटे.

दाट धुके. कॅन उचलून द्रावण भरले. टाकीने विनातक्रार घेतले, एक थेंबही सांडला नाही. माणसांपेक्षा यंत्रे बरी. गजेंद्र दात घासत पाहत होता. त्यास दिसावे म्हणून झाकण जरा जोरात लावले.

सायंकाळ. पिवळा दिवा विझलेला नाही. संवेदक सदोष असणार. कंपनीस पत्र लिहिण्याचा मजकूर मनात तयार आहे. सौम्य नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत. बोरगाव. सायंकाळ.

क्रमाने लिहितो.

वाटेतल्या सौसरपर्यंत प्रवास उत्तम. बोरगावच्या आधी दिवा लाल झाला. दुर्लक्ष केले. चंद्रकलाबाईंच्या अंगणात वाहन उभे करून इंजिन बंद केले. साडू दादाजी कापसाच्या गंजीवरून उतरून आले आणि म्हणाले, "या सर. रस्ता चुकले का?" चंद्रकलाबाईंनी तिळगूळ हातावर ठेवला. त्यासोबत जे म्हणायचे असते ते म्हटले नाही. मीही म्हटले नाही.

दोघांना वाहनात येण्याची विनंती केली. कुसुमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी चंद्रकलाबाई प्रथमच बसल्या. मी टाकीच्या नळाचे पाणी घेतले, कुसुमच्याच पातेल्यात उकळले, आले किसून टाकले. उकळताना गोठ्यासारखा वास आला. शेजारी म्हशी आहेत, त्यांचा समजलो.

दादाजींनी पहिला घोट घेतला आणि खिडकी गाठली. चंद्रकलाबाईंनी घोट तोंडात धरून माझ्याकडे पाहिले, बाहेर जाऊन थुंकल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "एक बहीण नेली. आता मले न्यायाले आले का?"

मी घोट घेतला. कडू, गरम असूनही जिभेवर थंडावा, आणि मागून कडुलिंब. ते द्रावण मी ओळखतो. मीच गाळले होते.

खाली उतरून दोन्ही झाकणे पाहिली. दोन्ही निळी.

अशा वेळी गप्प राहणे योग्य होते. परंतु मी सांगितले. सारेच सांगितले. हे तुमच्या विहिरीचे पाणी होते, तिने स्वतः भरलेले, मी वर्षभर कोणास हात लावू दिला नाही, पोटच्या मुलीलाही नाही, तुम्ही तेराव्याला काय म्हणालात ते आठवा. बोलताना आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या घरातील मंडळी कुंपणाशी आली.

चंद्रकलाबाई पायरीवर बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही.

"कोणचं विहिरीचं, भाऊजी? त्या दिवशी लाईन नोती. मोटर बंद. तिनं हातानं बादली ओढली, दम लागला तर काठावर बसली. तुमी हॉर्न वाजवून राहिले होते. एकदा नाई, दोनदा नाई. भरली बादली तशीच ठेवून पयाली बिचारी. मंग सौसरच्या पंपावरून तिचा फोन आला, तुमी पंपवाल्याशी हिशेब करून राहिले होते तवा. हवा भरतेत तिथं नळ आहे, तिथून टाकी भरून राहिली म्हने. मले म्हने, 'चंदे, याईले नोको सांगू. मी विहिरीचंच म्हणून सांगतलं. नाई तं परत फिरवतीन अन् रस्ताभर बोलतीन.'"

दादाजी म्हणाले, "जाऊ दे ना आता." त्या म्हणाल्या, "गेलंच आहे."

मी म्हणालो की आम्हास सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचणे आवश्यक होते. कशासाठी, असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर आठवले नसते.

निघण्यासाठी वाहनात बसलो. किल्ली फिरविली. सुरू झाले नाही. पुन्हा फिरविली. कुंपणाशी कोणी तरी हसले.

१५ जानेवारी, गुरुवार. बोरगाव.

मुक्काम पडवीत. मेकॅनिकशी फोनवर बोललो. त्याच्या मते ते द्रावण योग्य टाकीत पडले असते, तर आतले सारे जाम होऊन इंजिन बसले असते. म्हणजे माझ्यामुळे वाहन वाचले. हे मी चंद्रकलाबाईंना सांगितले. त्या भाकरी थापीत होत्या. "हाव, लय हुशार," म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

नवा द्रव भरून, यंत्र जोडून तपासल्याखेरीज चालणार नाही, आणि मेकॅनिक सणामुळे शनिवारपर्यंत येत नाही. उद्याची नर्मदा होत नाही. येथे नोंद करतो की दोष सणाचा आहे.

दुपारी टाकीची तोटी सोडली. पाणी उताराने संत्र्याच्या दोन झाडांखाली गेले. चंद्रकलाबाई धावत आल्या. झाडे ताणावर आहेत, बहारासाठी महिनाभर त्यांचे पाणी तोडले आहे, आणि मी आज त्यांना पाणी पाजले, तेही युरियाचे. "दोन झाडं गेली यंदाची. नुसता पाला सुटन." मी क्षमा मागितली. शब्द जवळ तयार नव्हता, त्यामुळे वेळ लागला. त्या खाली बसून हाताने मातीचा बांध घालू लागल्या. मीही बसलो. त्या म्हणाल्या, "तुमी बसा तिकडं, पँट भरते." मी बसलो नाही. म्हणजे, उठलो नाही.

टाकी रिकामी होण्यास बराच वेळ लागला. शेवटचे पाणी स्वच्छ दिसत होते. पंपावरचे पाणी असेच दिसते.

सायंकाळी तृप्तीस फोन केला. टाकी रिकामी केली, एवढेच सांगितले. तिने विचारले, "बाबा, जेवलात?"

१६ जानेवारी, शुक्रवार. वर्षश्राद्ध.

सकाळी चंद्रकलाबाईंनी अंगणात पान वाढले. वडे, कढी, आणि कुसुमला आवडे म्हणून वांग्याची भाजी. कावळा आला. मी त्याला घाई केली नाही.

नंतर सौसरच्या गॅरेजला पोहोचविण्यासाठी दादाजींनी वाहन दोराने ट्रॅक्टरला बांधले. चंद्रकलाबाई निरोपास आल्या नाहीत. डब्यात वडे होते, ते त्यांनीच ठेवले असावेत. मी स्टिअरिंगवर, इंजिन बंद, ब्रेक जड. ट्रॅक्टरच्या मागे या गतीने सौसर गाठण्यास किती वेळ लागला याची मी नोंद केली नाही.

सौसरच्या पंपाशी दादाजींना हात केला. हवेच्या यंत्रापाशी नळ आहे. प्लास्टिकची नळी, तोंडाला चिंधी बांधलेली. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, गाडी तं बंद दिसून राहिली. पाणी कायले?" मी पाण्याचे झाकण उघडले. वाकून वास घेतला, मगच नळी लावली.

दादाजींना गंजी झाकायला परत जायचे होते. ते ट्रॅक्टरवरून हॉर्न वाजवीत होते. धार बारीक होती. मी टाकी भरेपर्यंत थांबलो.