टर्कीस हळद लागली त्याचे वर्तमान

स्वस्ति श्री मेडनहेडनगरभूषण, थेम्सतीरनिवासी, जोडघराच्या वामार्धाचे निष्कंटक स्वामी, बॉयलरप्रतिपालक, शाकाहारधुरंधर, श्यालकशिरोमणी शशिधरराव यांचे सेवेशी नॉटिंगहॅमस्थित भगिनीपती उदय याचे कृतानेक नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? (जिना उतरताना वाजतो, असे आपण फोनवर म्हणाला होता. वाजू द्यावा. अस्थिवैद्य या नात्याने सांगतो, न विचारता वाजणारा गुडघा आणि न विचारता बोलणारा मेव्हणा हे दोन्ही निरुपद्रवी असतात.) वहिनींस नमस्कार. आपली भगिनी सुप्रभा कुशल आहे, मी कुशल आहे, टर्की कुशल नाही. पुढील मजकूर तिच्याच संबंधी असल्याने आपण आवश्यक तेथे डोळे मिटून वाचावे.

आमच्या शेजारच्या पॅटबाई आपणांस स्मरत असतील. त्यांचे यजमान डेरेक दरवर्षी नाताळास टर्की भाजत, आणि आम्ही श्रीखंडाचे पातेले घेऊन त्यांच्या पंक्तीस जात असू. गेल्या फेब्रुवारीत डेरेक गेले. नोव्हेंबर सरता सरता बाईंनी जाहीर केले की यंदा नाताळ नाही. चीज-टोस्ट खाऊन लवकर झोपायचे. सुप्रभेने आर्जवे केली, ती निष्फळ ठरली. तेव्हा कोणत्या ग्रहाच्या प्रेरणेने कोण जाणे, माझ्या मुखातून असे उद्गार गेले की यंदा टर्की मी करणार, तीही डेरेकप्रमाणे रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरवून, आणि चुका काढायला तुम्ही हव्यात. बाई म्हणाल्या, “येईन, पण थांबणार नाही.” हा तहही मला दिग्विजयासमान भासला. मात्र भोजन फसले तर त्या उठून शेजारच्या अंधाऱ्या घरात टोस्ट भाजायला जाणार, हे मला स्पष्ट दिसत होते. आणि (येथे विनोद क्षणभर स्थगित) ते मला पाहवणारे नव्हते.

टर्की नामक पक्ष्याचा देह विधात्याने फ्रीजचा काडीमात्र विचार न करता घडवला आहे. तिला सामावून घेईल असे पात्र आमच्या घरी एकच निघाले, ते म्हणजे स्नानाची बादली. (शॉवरखाली उभे राहण्यास आपली भगिनी अद्यापही स्नान मानत नाही, बादली आणि तांब्याच लागतो. संस्कार आपल्याच घरचे, म्हणून अधिक लिहीत नाही.) बादली उकळत्या पाण्याने शुद्ध करून तीत थंड पाणी, मीठ, साखर, तमालपत्र, मिरे आणि संत्र्याची साल अशी सिद्धता केली व पक्षिणीस गॅरेजच्या हिमालयीन थंडीत जलसमाधी दिली. येथवर शास्त्र निर्दोष होते. परंतु शशिधरराव, मी पडलो वेंगुर्ल्याचा. मांसमासळीस मीठ लागले की पाठोपाठ हळद लागलीच पाहिजे, हे आमच्याकडे मुलांस चालण्यापूर्वी कळते. माझ्या उजव्या हाताने मेंदूची संमती न घेता मूठभर हळद पाण्यात सोडली, आणि डाव्याने ती मनोभावे ढवळली. मी दिवा मालवून समाधानाने झोपावयास गेलो.

प्रातःकाली बादलीतून जी मूर्ती प्रकट झाली, ती लग्नघरातल्या नवरीसारखी नखशिखान्त पिवळी होती. आमची कन्या आर्या केंब्रिजहून सुट्टीस आलेली आहे. (तिचे पदार्थविज्ञान उत्तम असून मराठी प्रयोगावस्थेत आहे.) ती म्हणाली, “बाबा, तू हे काय केली? टर्कीचा लग्न आहे का?” मी त्या देहास पुसले, पुन्हा पुसले, लोणी चोपडले, त्यायोगे पिवळेपणास केवळ तकाकी आली.

सारण सुप्रभेने केले. जी स्त्री मांसास चिमट्यानेही स्पर्श करत नाही, तिने ब्रेडचा चुरा, कांदा, सेज या विलायती झुडपाची सुगंधी पाने आणि चेस्टनट एकत्र कालवून (आणि माझी पाठ वळताच चमचाभर गोडा मसाला घालून) ते दुरूनच माझ्या हाती दिले आणि भरल्या कारल्याचे समग्र शास्त्र ऐकवले: “गच्च भरू नका, आणि भरलंत की बांधा. नाहीतर सगळं बाहेर येतं.” बांधावयास दोरा नव्हता. अखेर देवघरातले वटपौर्णिमेचे सूत काढण्यात आले. (नॉटिंगहॅमात वड नाही, ती कुंडीतल्या रबराच्या झाडास फेऱ्या घालते, आणि झाड कमरेएवढेच असल्याने सूत पुष्कळ उरते.) माझ्या दीर्घायुष्याप्रीत्यर्थ आणलेले ते सूत मी स्वहस्ते एका मृत पक्षिणीच्या तंगड्यांस गुंडाळले. याचा फलादेश कृपया कोणा ज्योतिष्यास विचारू नये.

दुपारी पॅटबाई आल्या त्या कोट घालून, आणि कोटासकट टेबलाशी बसल्या. वरचे बटणही लावलेले. सुप्रभेने कोट मागितला. “राहू दे, डक, मी निघणारच आहे,” असे म्हणून त्यांनी पर्स मांडीवर घेतली. (या प्रांती ‘डक’ हे प्रेमाचे संबोधन आहे, जातिवाचक नव्हे.) मी टर्की आणली. मी सुरी उचलली. आता पाहा, मनुष्यमात्राचे खुबे बदलणे हा माझा नित्य व्यवसाय. परंतु त्या पक्षिणीचा खुबा मला सापडेना. मी इकडून कापले, तिकडून खुपसले. सुताचा गुंता झाला. टर्की ताटावरून घसरून बटाट्यांत टेकली. बाई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग अत्यंत गांभीर्याने म्हणाल्या, “उदय, तू डॉक्टर ना? मग हिची कावीळ आधी कोणाच्या लक्षात आली नाही का?”

आधी आर्यास हसू फुटले, मग सुप्रभेस. पॅटबाई तर अशा हसल्या की चष्मा काढावा लागला. आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले, ते हसू थांबल्यावरही काही वेळ वाहतच होते. आम्ही तिघे बटाट्यांकडे पाहत राहिलो. नंतर त्यांनी नाक पुसले, उभ्या राहिल्या, कोट काढून खुर्चीच्या पाठीस टाकला, बाह्या सारल्या आणि म्हणाल्या, “दे इकडे. डेरेक भाजायचा झकास, पण कापू मी त्याला कधीच दिलं नाही. तोही असाच धसमुसळा.” एका झटक्यात खुबा सुटला. मांस आत पांढरेशुभ्र आणि रसाळ निघाले, मीठ नेमके होते. सारणाची वाटी तर त्यांनी स्वतःकडे ओढूनच घेतली. त्या निघाल्या तेव्हा रस्त्यावरचे दिवे कधीचे लागलेले होते.

कळावे, लोभ आहेच, गुडघ्यास सांभाळावे.

आपला,
उदय

ता. क. — आता पत्राचे खरे प्रयोजन. नववर्षदिनी आपण आम्हां तिघांस पुरणपोळीस बोलावले आहे. आम्ही चौघे आलो तर चालेल काय? मात्र निमंत्रण माझ्याकडून गेले तर बाईंस दया वाटेल आणि त्या येणार नाहीत. आपण स्वतः फोन करून सांगावे की घरात कापाकापीस कुशल हात नाही, आणि त्यांच्यावाचून पंक्ती अडली आहे. कामास त्या नाही म्हणत नाहीत. आपल्या शाकाहारी गृही कापण्याजोगे काही नसते, हे जाणतो. तरी एखादा चांगला मोठा लाल भोपळा आणून ठेवावा.

ता. क. दुसरे — उरलेले सारण बाईंनी दुसऱ्या दिवसाकरिता आमच्या स्टीलच्या मोठ्या डब्यातून नेले होते. आज डबा परत आला. रिकामा नव्हे, मिन्स पाई नामक सुक्या मेव्याच्या गोड करंज्यांनी भरून. सुप्रभेने त्यांस एवढे तरी वळण लावले आहे. परंतु वरती फॉइल गुंडाळलेले असून झाकण आलेले नाही. डब्यावर माझ्या मातोश्रींचे नाव कोरलेले आहे, झाकण त्याच मापाचे, दुसरे बसत नाही. सुप्रभा म्हणते, इतक्यात मागू नका, बरे दिसत नाही. मग केव्हा बरे दिसते?